बाबांच्या ३१२ डबलबारीच्या कॅसेटी: टॉरेंट की आयपीएफएस? आणि ‘कायमचं’ म्हणजे नक्की किती दिवस?

काळाचौकीकर:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचे बाबा गिरणीत साचेखात्यात होते. गाव देवगड तालुक्यातलं, त्यामुळे डबलबारीचं वेड घरातच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. रूपावली, अभंग, गौळण आणि शेवटी गजर. मधे मधे एकमेकांना चिमटे. रात्री दहाची बारी पहाटे दूधवाले येईपर्यंत चालायची. लालबाग, परळ, शिवडी, काळाचौकी, कुठेही बारी असली की बाबा टू-इन-वन खांद्याला लावून पहिल्या रांगेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पाळीचा भोंगा थांबला, मग तर विचारूच नका. नव्या कॅसेटीला पैसे नसायचे म्हणून जुनीवरच पुन्हा भरायचे. त्यामुळे ८३ ची बारी संपते, टक् असा आवाज होतो आणि खालून ८० सालची उरलेली दोन मिनिटं वर येतात. कुठे नळावरचं भांडण, कुठे रेडिओवरच्या बातम्या. एका कॅसेटच्या शेपटीला माझी आई आहे. “बंद करा तो, सेल संपतील.” एवढंच. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली.

मूळ कॅसेटी चारशेच्या आसपास. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जागा नाही म्हणून एक ट्रंक आत्याच्या कुर्ल्याच्या तळमजल्यावर ठेवली होती. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. आत्या वेळेवर शेजारच्या माडीवर गेली म्हणून वाचली, ट्रंक गेली. उरल्या त्या ३१२.

गेली तीन वर्षं ऑफिसातून आलो की रोज एक बाजू काढतो. लॅमिंग्टन रोडवरून डेकचे पट्टे आणले. मुंबईच्या पावसाळ्यात रिळाच्या कडेला पांढरी बुरशी धरते, ती आधी पुसायची. आतल्या स्पंजाच्या गादीचा गोंद सुकून ती गळून पडलेली असते, ती दुसऱ्या कॅसेटीची काढून चिकटवायची. मग डेकच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू कानाने फिरवत राहायचं, झांजेचा ‘छन्’ नीट ऐकू येईपर्यंत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. सगळं मिळून ३९० तास, साध्या वेव्ह फाईली चारशे जीबीच्या वर, फ्लॅक (आवाज न बिघडवता आवळलेली फाईल) करून २४०.

आता दुखणं. भाचा म्हणाला, “मामा, कुणाच्या ड्राइव्हवर टाकू नकोस. खातं बंद झालं की सगळं गेलं. आयपीएफएसवर टाक. एकदा टाकलंस की कायमचं, कुणाचा बाप काढू शकत नाही.” आयपीएफएस म्हणजे फाईली एका कंपनीच्या सर्व्हरवर न ठेवता लोकांच्या यंत्रांवरून वाटायचं नेटवर्क. पटलं. त्याचं डेस्कटॉपवालं सॉफ्टवेअर घेतलं, वीस कॅसेटी टाकल्या, भलामोठा पत्ता मिळाला, मंडळाच्या व्हॉट्‌सअॅप ग्रुपवर टाकला. कणकवलीपासून नालासोपाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या फोनवर वाजलं. एका बुवांच्या मुलाने रात्री एकला फोन केला, रडत होता.

मग मी उत्साहाने सगळ्या ३१२ टाकायला घेतल्या. सकाळी उठतो तर ५०० जीबीची डिस्क काठोकाठ, लॅपटॉप गोगलगाय. २४० जीबी माझ्याकडे आधीच होते, मग अजून तेवढेच कुठून आले?

त्यानंतर शिमग्याला गावी गेलो. सहा दिवस. जाताना नेहमीप्रमाणे मेन स्विच बंद. परत आलो तर ग्रुपवर तीसेक मेसेज, लिंक उघडत नाही म्हणून. म्हणजे ‘कायमचं’ सहा दिवससुद्धा टिकलं नाही! वर एका बुवांच्या गावाचं नाव चुकलं होतं ते दुरुस्त केलं, पुन्हा टाकलं, तर अख्खा पत्ताच नवा. जुना पत्ता वाटून झालेला.

भाचा सध्या फोन उचलत नाही, परीक्षा आहे म्हणे.

तर सांगा: माझं कुठे चुकलं? हे टॉरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांच्या यंत्रांवरून तुकड्यातुकड्याने फाईल उतरवतात त्यावर, जास्त टिकेल का? आणि मी उद्या नसलो तर हे कुणाच्या जिवावर राहणार?

जुना_सीडर:

काळाचौकीकर, पोस्ट दोनदा वाचली. झांजेच्या ‘छन्’वर स्क्रू लावणारा माणूस भेटला, बरं वाटलं.

तुमच्या भाच्याने अर्धं खरं सांगितलं. आयपीएफएसचा तो लांब पत्ता म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. फाईल कुठे ठेवली आहे हे त्यात नसतं, फाईल कोणती आहे हे असतं. ठसा कायमचा, हे शंभर टक्के खरं. पण पोलिसांकडे ठसा आहे म्हणून माणूस चौकीत राहायला जात नाही. तो माणूस, म्हणजे फाईल, फक्त तुमच्या लॅपटॉपवर होता. तुम्ही मेन स्विच पाडलात, तो गेला.

मग आधी सगळ्यांना वाजलं कसं? तुमचं यंत्र नेटवर्कला ठरावीक वेळाने ओरडून सांगत असतं की अमुक ठशाची वस्तू माझ्याकडे आहे. त्या आरोळीची मुदत साधारण दोन दिवस. लोकांनी जी लिंक दाबली ती एखाद्या गेटवेची असणार, म्हणजे मधल्या दुकानदाराची. त्याने तुमच्याकडून माल आणून दाखवला आणि थोडे दिवस फळीवर ठेवला. फळी भरली की तो झाडू मारतो. तुम्ही स्वतः टाकलेलं तुमच्या यंत्रावर ‘पिन’ होतं, म्हणजे झाडूतून सुटतं. दुसऱ्याने नुसतं ऐकलेलं पिन होत नाही. ग्रुपातल्या एकानेही पिन केलं नव्हतं. फोनवर ऐकणारा करणार तरी कसा.

डिस्क भरली त्याचं कारण वेगळं. टाकताना ते सॉफ्टवेअर फाईलचे २५६ केबीचे तुकडे करून स्वतःच्या कोठारात वेगळी प्रत ठेवतं. २४० दुणे ४८०. मूळ फाईलच वापर, प्रत करू नकोस, असं सांगायची सोय आहे, पण ती अजून प्रायोगिक म्हणूनच ठेवली आहे. मी तिच्यावर बाबांच्या कॅसेटी टांगणार नाही.

टॉरेंटने हे सुटतं का? डिस्कचं सुटतं, कारण तिथे तुमच्या जागच्या जागी असलेल्या फाईली वाटल्या जातात. माणसांचं सुटत नाही. मी २००४ पासून सीड करतोय, म्हणजे उतरवलेली फाईल इतरांसाठी चालू ठेवतोय, तेव्हा माहीममध्ये डायल-अप जाऊन नुकतीच केबल आली होती, एक गाणं उतरायला वडापाव खाऊन यायचो. तेव्हापासून एकच गोष्ट बघतोय. गाणी वाटायचं नॅप्स्टर १९९९ मध्ये आलं, त्याची यादी एकाच जागी होती, २००१ मध्ये कोर्टाने त्या जागेवर बोट ठेवलं आणि खेळ खलास. त्याच वर्षी ब्रॅम कोहेनने बिटटॉरेंट काढलं. पुढे यादीसुद्धा सगळ्यांत वाटून ठेवायची युक्ती आली, डीएचटी. तिचं मूळ २००२ च्या कॅडेम्लियात, आणि तुमचं आयपीएफएसही त्याच खुंटीवर उभं आहे. आता नेटवर्क बंद पाडणं महाकठीण. पण त्यातली फाईल मरणं सोपं. शेवटचा सीडर लग्न करून दुबईला गेला, यंत्र भावाने विकलं, संपलं. मॅग्नेट लिंक, म्हणजे टॉरेंटचा पत्ता, तशीच राहते, सीड शून्य. थडग्यावरच्या पाटीसारखी.

उलटही पाहिलंय. लोकांची घरगुती वेबपानं ठेवणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा मरणाऱ्या साइटी वाचवणाऱ्या आर्काइव्ह टीमच्या लोकांनी जेवढं वाचलं तेवढं पुढच्या वर्षी टॉरेंटने वाटलं. सहाशे जीबीच्या वर. त्या काळात एवढं कुणी उतरवेल का वाटायचं. उतरवलं, कारण ज्यांना हवं होतं ते हट्टी होते.

एक काम मात्र आजच करा. फाईलच्या आतले टॅग आता हात न लावता गोठवा. नाव, गाव, साल, कोणत्या बाजूला काय, हे सगळं वेगळ्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. फ्लॅकमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो, टॉरेंटमध्येही. माझ्याकडून एकाने भक्तिगीतांचा संच घेतला होता. त्याच्या प्लेअरने त्याला न विचारता प्रत्येक फाईलमध्ये विठोबाचा फोटो चिकटवला. दुसऱ्या दिवशी तो सीडच करू शकेना, तपासणीत पहिले तुकडे नापास. विठोबाचा काही दोष नाही.

सव्वानऊची_स्लो:

एवढा खटाटोप कशाला? सरळ एखाद्या व्हिडिओ साइटवर चॅनल काढा, लोक तिथेच ऐकतात.

काळाचौकीकर:

@सव्वानऊची_स्लो, काढलं होतं हो. गजर म्हणजे काय, हिंदी सिनेमाची चाल आणि शब्द विठ्ठलाचे. तिसऱ्या दिवशी हक्काचा दावा आला, सातव्या मिनिटापासून आवाज गायब. बुवा तोंड हलवतायत असा फोटोही नव्हता, नुसता काळा पडदा आणि शांतता. एक तास.

@जुना_सीडर, ठशाचं डोक्यात बसलं. चाळीत टपाल यायचं तेव्हा पत्ता बरोबर असूनही पोस्टमन ‘घर बंद’ लिहून जायचा, तसंच म्हणायचं हे. गोठवायचं म्हणता, पण माझी अडचण अशी की शेपटीतली ती जुनी दोन मिनिटं ठेवू की कापू? कापून गोठवलं तर मूळ गेलं. न कापता वाटलं तर नळावरचं भांडण जगभर. त्यातल्या एक काकू अजून हयात आहेत, आमच्याच मजल्यावर.

आणि दुसरं, मी रात्रभर लॅपटॉप चालू ठेवून एक टॉरेंट करून पाहिलं. पुण्याच्या मित्राला अर्धं टक्कासुद्धा गेलं नाही. त्याच्याकडे ‘पीअर १’ (म्हणजे समोरचं एक यंत्र, माझं) दिसतो आणि गाडी जागची हलत नाही.

राउटरमागे_कोण:

काळाचौकीकर, राउटरच्या पानावर जा, डब्ल्यूएएन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवला. केबलवाला एकच खरा पत्ता शेकडो घरांना वाटतो. तुम्ही बाहेर फोन करू शकता, बाहेरून तुम्हाला फोन लागत नाही. तुमचा पुण्याचा मित्रही तसाच असेल, तर दोघेही आपापल्या दाराआड उभे राहून बेल वाजायची वाट बघताय.

उपाय तीन, आणि मी तिन्ही करून पाहिलेत. केबलवाल्याकडे वेगळा पैसा भरून स्वतःचा पब्लिक आयपी मागा. आमच्या भांडुपच्या केबलवाल्याने आधी “तसलं काही नसतं” म्हणून सांगितलं, तिसऱ्या फोनला दिला. किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, चालू आहे का बघा, तिथे ही वाटावाटीची भानगड नाही. किंवा घोळक्यात एक तरी यंत्र असं ठेवा की ज्याला बाहेरून गाठता येतं. बाकीचे मग त्याच्या मार्फत भरतात.

पण खरं सांगू का, तुमची दोन वेगळी कामं आहेत आणि तुम्ही ती एकाच पातेल्यात शिजवताय. जगाला ऐकवणं हे एक. कॅसेटी मरू न देणं हे दुसरं. दुसऱ्याला ना जग लागतं ना मॅग्नेट लिंक. तीन-चार भरवशाची माणसं लागतात. त्यासाठी सिंकथिंग घ्या, वेगवेगळ्या यंत्रांवरचं फोल्डर सारखं ठेवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, उघड्या सोर्सचं आहे, २०१३ पासून चालू आहे, मधे कुणाचा सर्व्हर साठवणीला नाही. प्रत्येक यंत्राला एक ओळख क्रमांक, दोघांनी एकमेकांचा मान्य केला तरच बोलणं सुरू. सीजीनॅटमुळे थेट गाठ पडली नाही तर स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिलेमधून जातं, कुलूपबंद. हळू जातं, पण जातं.

यात एक खड्डा आहे, मी पडलोय म्हणून सांगतो. सिंक म्हणजे बॅकअप नाही. तुम्ही चुकून फोल्डर उडवलं की ते इमानदारीने तिन्ही घरी उडवतं. माझ्या मुलीचा पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ असाच तीन ठिकाणी एका मिनिटात गेला. म्हणून तुमचं यंत्र ‘फक्त पाठव’वर, बाकीची ‘फक्त घे’वर, आणि त्यांच्याकडे व्हर्जनिंग चालू, म्हणजे उडालेलं आधी केराच्या टोपलीत जाऊन पडतं.

पहिली प्रत नेटवरून ढकलू नका. २४० जीबी २० एमबीपीएसने, काही तुटलं नाही तरी सत्तावीस तास. एक डिस्क भरून कोकणकन्येने पाठवा. फोल्डरमध्ये फाईली आधीच असल्या तर सिंकथिंग नुसते ठसे ताडून बघतं, पुन्हा मागत नाही.

शेपटीचं उत्तरही त्यातच आलं. न कापलेलं घरच्या घोळक्यात. कापलेलं बाहेर.

आणि फाईलकॉइन, आरवीव्ह वगैरे पैसे घेऊन साठवणारी नेटवर्कं कुणी सुचवेल त्याआधी: पहिल्यात साठवणीचा करार मुदतीचा असतो, नूतनीकरण करणारा माणूस लागतोच. दुसऱ्यात एकदाच पैसे भरून कायमचं, अशी मांडणी आहे. नळावरच्या काकूंसाठी तेच तर नको आहे.

वकिलीणबाई:

‘कायमचं’ या शब्दावर सगळे भाळलेत म्हणून मधे पडते.

काळाचौकीकर, तुमच्या एका कॅसेटीत कमीत कमी तीन थर आहेत. तुकोबांचा अभंग असेल तर शब्दांना कुणाची आडकाठी नाही. बुवांनी स्वतः रचलेला गजर असेल तर त्यांच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे. सिनेमाची चाल असेल तर ती तिसऱ्याचीच, आणि त्याचा प्रसाद तुम्हाला सातव्या मिनिटाला मिळालाच आहे. शिवाय गाणाऱ्याचा म्हणून एक हक्क असतो. तो आपल्या १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १९९९ मध्ये त्याची मुदत ५० वर्षं झाली. १९८३ च्या बारीला तो लागतो का यावर दोन वकील आनंदाने दोन तास भांडतील. तुम्ही त्यात पडू नका. बुवा असतील तर बुवांची, नसतील तर घरच्यांची एका कागदावर सही घ्या: अमुक तारखेची बारी, फुकट वाटायला हरकत नाही, एकदा वाटली की परत घेता येणार नाही हे समजलं. शेवटचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

कारण साइटवरून एक ईमेल करून गोष्ट उतरवता येते. टॉरेंटवर कुणाला ईमेल करणार? ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्या डिस्कवर ते राहणार. डबलबारीतले चिमटे त्या रात्री त्या मांडवात हसण्यावारी गेले. चाळीस वर्षांनी नातसुनेच्या फोनवर ऐकले की तेच चिमटे वेगळे लागतात. माझ्याकडे अशी एक नोटीस आली होती, पोवाड्याच्या कॅसेटवरून. फार लिहीत नाही.

आणखी एक. टॉरेंट असो की आयपीएफएस, तुमचा आयपी पत्ता समोरच्यांना दिसतो. भजन आहे म्हणून चिंता नाही, पण त्याच लॅपटॉपवर भाचा दुसरं काय उतरवतो तेही एकदा बघा.

देवगडी:

माका ह्यां वाचून काय वाटला ता सांगूक शब्द नाय. बाकी प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर दादरवाले कावतील.

माझं तालुक्याला झेरॉक्सचं दुकान आहे. ४ टीबीची डिस्क अर्धी रिकामी, इन्व्हर्टर आहे, यंत्र चोवीस तास चालू. आमच्या आजोबांची बारी तुमच्याकडे असण्याची दाट शक्यता आहे, ८४ च्या माघी गणपतीत ते परळला गेले होते. घरी त्यांचा एकही आवाज नाही. एक फोटो आहे, त्यात पखवाजी नीट दिसतो आणि आजोबांचं डोकं अर्धं कापलेलं.

मी ठेवतो. किती वर्षं म्हणून विचारू नका. फक्त लाईट कधी जाता नि कधी येता, ता म्हाराजाक ठाऊक.

जुना_सीडर:

देवगडी भेटले, म्हणजे अर्धं काम झालं. काळाचौकीकर, ज्यांच्या सह्या मिळतील तेवढ्याचं दर सालाचं एक टॉरेंट करा, सगळ्याचं मिळून एक नको. २४० जीबी बघून माणूस पळतो. १२ जीबीचं ‘१९८४’ म्हटलं की आपल्या आज्याचं साल उचलतो आणि तेवढं सीड करतो. जमलं तर तेच संच इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहावरही चढवा. तिथे चढवलेल्या गोष्टीचं टॉरेंट २०१२ पासून आपोआप बनतं आणि त्यांचा सर्व्हर स्वतःच सीडसारखा उभा राहतो. तेवढ्यावर विसंबू मात्र नका. २०२४ च्या ऑक्टोबरात हल्ला झाला तेव्हा ती साइटही काही दिवस बंद होती. त्या दिवसांत ज्यांच्या घरी प्रत होती त्यांची टॉरेंटं चालू होती.

माझ्याकडे माहीमला पब्लिक आयपी आहे. बाहेरून गाठता येणारं यंत्र म्हणून मला धरा. भजन मला कळत नाही, सीड करता येतं.

काळाचौकीकर:

मंडळी, दीड महिन्याने येतोय. राउटरमागे_कोण यांचं बरोबर निघालं, आयपी १००.७२ ने सुरू होतो. केबलवाल्याला दोन फोन झालेत, तिसऱ्याची वाट बघतोय.

न कापलेल्या सगळ्या आता तीन घरांत ठेवतोय. मी, डोंबिवलीची ताई आणि देवगडी. पाळी लावून घेतलीय, चाळीत पाण्याची असायची तशी: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाने फ्लॅकची तपासणी चालवायची आणि ‘सगळं ठीक’ असा मेसेज टाकायचा. फ्लॅकमध्ये आवाजाचा ठसा आतच लिहिलेला असतो हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. पहिल्याच तपासणीत ७८ क्रमांकाची कॅसेट नापास, म्हणजे डिस्कवर चढवतानाच बिघडली असणार. पुन्हा काढली. गादी पुन्हा गळून पडली, पुन्हा चिकटवली.

सह्यांचं काम मात्र कॅसेटी काढण्यापेक्षा जड आहे. रविवारी नालासोपारा, विरार, एकदा लांजा. आतापर्यंत ४१ कॅसेटींच्या सह्या. वकिलीणबाईंचं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचतो. ते ऐकून दोघांनी पेन खाली ठेवलं. एकांच्या मुलाचं म्हणणं, गजर राहू दे, फक्त आमच्या आज्यावरचा तो चिमटा काढा. मी खूप विचार केला. चिमटा काढला तर समोरच्या बुवांनी त्याला दिलेलं उत्तर हवेत लटकतं, लोक कशाला हसतायत तेच कळत नाही. कापली नाही. अख्खी बारी घरच्या घोळक्यातच ठेवली, तो मुलगा आला तर त्याला पेनड्राइव्हवर देईन.

१९८३ आणि ८४ ची दोन टॉरेंटं झाली, फक्त सही असलेल्या आणि सिनेमाच्या चाली नसलेल्या बाऱ्यांची. छोटी झाली. काल रात्री ८४ ला पाच सीड होते. त्यातला एक मस्कतचा दिसला. तो कोण, मला काही कल्पना नाही. होय, देवगडी, तुमचे आजोबा सापडले. बी बाजू, दुसरी गौळण. पखवाज थोडा पुढे आहे, आवाज मागे. बाबा त्या दिवशी चुकीच्या बाजूला बसले असावेत.

नळावरच्या काकूंना भांडण ऐकवलं. म्हणाल्या, मीच जिंकले होते, टाक खुशाल. नाही टाकलं.

ताईकडे डोंबिवलीत डिस्क जोडली तेव्हा तिने शेकडो फाईलींतून नेमकी ती उघडली. मी सांगितलं नव्हतं. फोनवर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, पण मग सेल संपले का?” टेप तिथेच संपते.

कोकणकन्येने २२० कॅसेटींची डिस्क गेली, उरलेल्या ९२ नेटवरून जातायत. देवगड सकाळपासून ९१ टक्क्यांवर अडकलंय.

देवगडी:

लाईट इली. ९३.